खारियाबेटाची साबणसेवा

सेवा करायची तर ती करून घ्यायला कुणीतरी तयार असावं लागतं. इतकी साधी गोष्ट नीलाबाई उपासनींना कळायला चौऱ्याण्णव सालचा डिसेंबर उजाडावा लागला. तोवर त्यांची समजूत अशी, की आपण दहा-पंधरा पोरं, चार फावडी आणि एक कापडी फलक घेऊन कुठल्याही खेड्याच्या वेशीवर उभं राहावं, सरपंच नारळ घेऊन सामोरा येतो. एरवी आलाही असता. पण त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग झाला होता. सुरतेच्या माणसाला सामोरं कुणी नारळ घेऊन येत नव्हतं. धोंडा घेऊन येत नव्हतं, हेच नशीब.

प्लेगाची बातमी फुटली तशी निम्मी सुरत गाड्यांना लोंबकळून निघून गेली. त्यात मराठी शाळेचे शिक्षक आघाडीवर होते, पण तो काही त्यांचा दोष नव्हे. मराठी मध्यमवर्गात प्रत्येकाला एक भाऊ नाशिकला नाहीतर पुण्याला असतोच, त्यामुळे संकट आलं की जायचं कुठे हा प्रश्न पडत नाही. नीलाबाईंचा भाऊ नाशिकला होता. तिथे वहिनीने त्यांचा कप वेगळा काढून अंगणात तुळशीपाशी ठेवला. शेजाऱ्यांनी दूधवाल्याच्या कानात काय घातलं कोण जाणे, तो फाटकावरच दुधाची पिशवी अडकवून सायकलवर टांग मारायचा. नीलाबाई जीवशास्त्र शिकवत. जंतू कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, यावर त्यांनी वहिनीला एक उत्तम व्याख्यान दिलं. वहिनीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कप तुळशीपाशीच राहू दिला.

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा शाळेचं नाव बदललेलं होतं. समोरचा फरसाणवाला, कोपऱ्यावरचे रिक्षावाले, सगळे तिला ‘भागेडू निशाळ’ म्हणू लागले होते. पळपुट्यांची शाळा. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष दातारसाहेब स्वतः पुण्याहून सगळ्यांत शेवटी परतले होते, त्यामुळे त्यांना हे नाव सगळ्यांत जास्त लागलं. त्यांनी सभा घेतली. समाजाला तोंड दाखवायचं तर एक सेवाशिबीर झालंच पाहिजे, ते दूरच्या आणि मागासलेल्या ठिकाणी झालं पाहिजे आणि त्याचा फोटो छापून आला पाहिजे, असं ठरलं. कोण नेणार असं विचारल्यावर सगळे शिक्षक आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागले. नीलाबाईंना चष्म्यामुळे अंगठा नीट दिसत नसे, म्हणून त्या समोर बघत राहिल्या. एवढ्यावर त्या शिबिरप्रमुख झाल्या.

पोरं मिळाली ती अकरावी-बारावीची. आईबापांची परवानगी काढता काढता नीलाबाईंचा जीव मेटाकुटीला आला. मनीषाची आई मात्र स्वतः घरी आली. मनीषा लिंबायतची, बाप लूमवर, कापडाच्या मागावर. आई मंदा, खानदेशातून आलेली हडकुळी बाई, सोफ्यावर न बसता उंबऱ्यालगत टेकली. तिचा धाकटा, भिकन, सप्टेंबरात तापाने गेला होता. प्लेग होता की साधा ताप, हे बघायला गल्लीतला डॉक्टर जागेवर नव्हता. त्याच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून ह्याला भिकन म्हणायचं. भीक मागून आणलेल्या पोरावर काळाची नजर जात नाही म्हणतात. चार-पाच वर्षं काळाने ते मानलंही असावं. पोरगं पाटी घेऊन बालवाडीत जाऊ लागलं होतं.

जाताना मंदा एवढंच म्हणाली, “एकच ऱ्हायनी, बाई. शनवारले माले परत द्या.”

नीलाबाईंनी मनीषाच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. शनिवारी संध्याकाळी, बसस्थानकावर, तुमच्या हातात. वर्गात गृहपाठाची तारीख सांगावी तसं त्या ठामपणे बोलल्या. मंदाने मान हलवली आणि चहा न घेता गेली.

आता फक्त गाव शोधायचं राहिलं. कामरेजच्या बाजूचे एक सरपंच शाळेची जीप थांबायच्या आधीच हात जोडून रस्त्यात आले आणि हात जोडूनच त्यांनी ती परत वळवून लावली. सचिन स्टेशनच्या पलीकडच्या एका गावात पोरांना पाणी दिलं, पण ते लांबून, गाडग्याने वरून ओतून, ओंजळीत. तिसऱ्या गावाने सांगितलं की आमच्याकडे स्वच्छता फार आहे, आणखी नको. तेव्हा शेजारच्या सरलाबाईंनी गॅलरीतून बेट सुचवलं. त्यांचे मेहुणे मासेमारी खात्यात होते. तापीच्या मुखाच्या वरच्या अंगाला दोन खाड्यांच्या मध्ये खारियाबेट नावाची एक चिखलाची पाठ आहे, तीवर माच्छी लोकांच्या पंधरा-वीस झोपड्या आहेत, असं मेहुण्यांनी एकदा मटार सोलता सोलता सांगितलं होतं. श्रीकांतने, म्हणजे नीलाबाईंच्या नवऱ्याने, बेटावर एस.टी.डी. आहे का एवढंच विचारलं. तो बँकेत होता. जिथे फोन नाही तिथे भूभाग आहे असं तो मानत नसे. नीलाबाईंना मात्र ही फोन नसण्याची गोष्टच पटली. फोन नाही, सरपंच नाही. मग नाही म्हणायचं कोणी?

ते काम सरकारने केलं. पहिल्या कचेरीतले साहेब म्हणाले, ओहोटीला बेटाभोवती नुसता चिखल असतो तेव्हा ते आमच्याकडे, भरतीला त्याच्याभोवती पाणी असतं तेव्हा ते बंदरवाल्यांकडे. बंदरवाले म्हणाले, आम्हांला पाणी कळतं, माणसं कळत नाहीत. तिथून आरोग्याकडे. पोरांना प्लेग नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं होतं. ते त्यांनी नाकाला रुमाल बांधून, दारातल्या दारात, एकाही पोराच्या अंगाला हात न लावता लिहून दिलं. सुरतेतच, सुरतेच्या डॉक्टरांनी, सुरतेच्या पोरांना. नीलाबाईंना नाशिकचा कप आठवला, पण कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला. सही महत्त्वाची होती.

साबण ही सरलाबाईंचीच कल्पना. मागास वस्तीत जायचं तर साबण न्यावा, त्यासारखं दान नाही. त्यांच्या भाच्याची सचिनला साबणाच्या कारखान्यात ओळख होती. तिथून काठ तुटलेल्या, रंग बिघडलेल्या लाल वड्यांची खोकीच्या खोकी फुकट आली आणि नीलाबाईंच्या पुढच्या खोलीत रचली गेली. घराला इस्पितळाचा वास लागला. श्रीकांत आमटी खाताना मध्येच थांबून वास घेई आणि पुन्हा खाऊ लागे.

अशी ती मंडळी रविवारी निघाली. किनाऱ्यापर्यंत बस आणि पुढे कानजीचा मछवा. कानजी बेटावरचा, अबोल माणूस. त्याने साबणाची खोकी बघितली, पोरं बघितली, ‘सेवाशिबीर’ लिहिलेला फलक बघितला आणि विचारलं की पाण्याची पिपं कुठायत. नीलाबाई हसून म्हणाल्या की बेटाच्या चारी बाजूंना पाणीच आहे ना. कानजी हसला नाही; आपलंच एक पीप भरून त्याने मछव्यात चढवलं. नको त्या ठिकाणी विनोद केला की माणसं हसत नाहीत, हा अनुभव नीलाबाईंना स्टाफरूममध्ये होताच.

बेटावर गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. पावसाचं साठवलेलं संपलं की पाणी किनाऱ्यावरून मछव्याने यायचं, पिपातून, वारा असेल तेव्हा. बायका ते वाटीने मोजून वापरायच्या. पिण्याचं पाणी वेगळं, आंघोळ खाडीत, भांडी राखेने. अशा ठिकाणी आपण खोकी भरून साबण घेऊन आलो आहोत, हे नीलाबाईंच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी, प्रात्यक्षिकाच्या वेळी.

पहिल्या दिवशी तर बेटाने त्यांना वस्तीतच घेतलं नाही. धक्क्याजवळ मासळी वाळवायची बिनछपराची जागा होती, तिथे राहा म्हणून कानजीने हाताने दाखवलं. वस्तीतली माणसं लांब उभी राहून बघत राहिली. नीलाबाईंनी याला संकोच असं नाव दिलं आणि पोरांना समजावलं की भोळ्या लोकांचा विश्वास हळूहळू संपादन करायचा असतो. मग साबण. त्यांनी खाडीचं पाणी बादलीत घेतलं, केतकी नावाच्या मुलीला पुढे उभी केली आणि हात कसे धुवावेत ते दाखवायला सुरुवात केली. लांबून दहा-बारा लहान मुलं बघत होती. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येईना. वडी घासली तसतशी ती नासलेल्या दह्यासारखी कवडी कवडी होऊन केतकीच्या मनगटाला चिकटत गेली. नीलाबाईंनी आणखी घासायला सांगितलं. शास्त्रावर श्रद्धा हवी. संध्याकाळपर्यंत केतकीच्या हाताला पुरळ उठलं, आणि लांबची मुलं खूश होऊन घरी गेली. आपले हात धुतलेले नसले तरी शाबूत आहेत, एवढं त्यांना कळलं.

तिसऱ्या दिवशी श्रमदान. नकाशाप्रमाणे शौचखड्डा खणायचा. गुडघाभर खणलं की खालून समुद्र वर यायचा. पोरांनी जागा बदलली, समुद्रानेही बदलली. मग बौद्धिक. तुषार नावाचा विज्ञान शाखेचा हुशार मुलगा चित्रं बरी काढायचा; त्याने उंदराचं मोठं चित्र काढून प्लेग कसा होतो ते सांगितलं. बेटावर उंदीर नव्हते. भरतीचं पाणी बिळात शिरत असल्याने तो जीव तिथे कधी टिकलाच नव्हता. बेटावरच्या एका पोराने विचारलं, हे मुंगूस का? आणि मनीषाने ते बाईंना मराठीत सांगितलं. सगळं भाषांतर मनीषाच करत होती. नीलाबाईंचं गुजराती भाजीबाजारापुरतं; त्यात भाव पाडता येत, जंतू समजावता येत नसत.

चौथ्या दिवसापासून त्यांनी काहीच केलं नाही. कानजीच्या पिपातलं पाणी संपत आलं होतं. उन्हाला आडोसा नव्हता. साबणाची खोकी मात्र जशीच्या तशी होती, आणि त्यांच्या आडोशाला बसायची पोरांमध्ये भांडणं होत. नीलाबाई शनिवारची वाट बघत होत्या. शिबीर फसलं तर फसलं, दातारसाहेबांना काय सांगायचं ते बघता येईल. मंदाला दिलेला शब्द मात्र फसता कामा नये. दिवसातून दहा वेळा त्यांची नजर मनीषाकडे जाई, पोळीच्या डब्यातल्या शेवटच्या पोळीकडे जावी तशी.

शनिवारी सकाळी भरतीच्या वेळी सगळी वळकट्या बांधून धक्क्यावर आली तेव्हा मछव्याच्या काठावर एक म्हातारी बसलेली होती. तिला बेटावर रूडीमा म्हणत. कानजीची आई. आठवडाभरात ती पहिल्यांदाच जवळ आली होती, आणि उठायचं तिच्या मनात दिसत नव्हतं.

“सुरतनां छो?” तिने विचारलं.

हो, सुरतेचेच, म्हणून नीलाबाईंनी मान हलवली. तशी रूडीमा उठली आणि चला म्हणून खूण करून वस्तीच्या मागे घेऊन गेली. तिथे बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण घातलं होतं, आणि आत ओट्यावर एक लाकडी गाडा ठेवलेला होता. हार्मोनियमच्या पेटीएवढा असेल. वर चौकटीला हिरव्या खणाचं छत, आत कुंकवाने माखलेली कापडी बाहुली, बांगड्या, काळं पडलेलं लिंबू. चाकं लहान, गुळगुळीत, गुलाबी रंग दिलेली.

रूडीमा बोलू लागली आणि मनीषा एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. नवरात्राच्या सुमाराच्या भरतीबरोबर हा आला. केळीच्या खांबांच्या तराफ्यावर, वरच्या अंगाने, नदीतून. म्हणजे सुरतेतून. सुरतेने आपली मरी ह्यात बसवून पाण्याला लावून दिली. महिन्याभरात बेटावर ताप आला. दोन पोरं गेली. त्यातली एक रूडीमाची नात. देवीचा गाडा, म्हणून जाळता येत नाही. आणि परत पाण्यात सोडला तर पुढच्या बेटाला लागेल, पुढच्यांचीही पोरं आहेत. तेव्हा तुम्ही तिथलेच आलात ते बरं झालं, तुमचं तुम्ही घेऊन जा. त्याशिवाय मछवा सुटणार नाही.

नीलाबाईंनी खोल श्वास घेतला आणि वहिनीला दिलेलं व्याख्यान पुन्हा दिलं. ताप डासांमुळे येतो. लाकडात, लिंबात, बाहुलीत काही नसतं. हे सगळं मनीषाने खाली मान घालून गुजरातीत सांगितलं. रूडीमाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“एमां कंई नथी, तो लई जाव ने.”

ह्यात काही नाही ना, मग न्या की. ह्या वाक्याला भाषांतराची गरज नव्हती. नीलाबाईंनी तुषारकडे बघितलं. तो उंदीर काढणारा, अंधश्रद्धेवर निबंधात बक्षीस मिळवलेला मुलगा. त्याचं मनगट खणताना मुरगळलं होतं म्हणे. बाकीची पोरं एकेक पाऊल मागे सरकली. मग बाईंनीच पुढे व्हायचं ठरलं. त्या कुंपणापर्यंत गेल्या, काटे बाजूला केले, वाकल्या आणि तशाच राहिल्या. जीवशास्त्राची पदवी, इतक्या वर्षांची नोकरी, आणि हात काही पुढे होईना. नाशिकच्या तुळशीपाशी वहिनीच्या बाजूने उभं राहिलं की कसं वाटतं ते त्यांना तेव्हा समजलं. इकडे भरती उतरू लागली होती.

गाडा मनीषाने उचलला. सरळ जाऊन, पाळण्यातलं मूल घ्यावं तसा छातीशी. तेव्हा नीलाबाईंना ती चाकं जवळून दिसली. लूमच्या बॉबिनची कापलेली टोकं होती ती.

“आमच्या गल्लीचा आहे, बाई,” मनीषा मराठीत म्हणाली. “आईनं सोडला.”

त्यांच्या गावाकडे साथ आली की मरीमायचा गाडा करून तो शिवेपार ओढून नेतात, म्हणजे साथ गावाबाहेर जाते. भिकन गेला आणि गल्लीत आणखी तिघं पडली, तेव्हा बायकांनी गाडा केला. पण सुरतेला शीव कुठे आहे? लिंबायतच्या पुढे उधना, उधन्याच्या पुढे सचिन, जिकडे जावं तिकडे आपल्यासारखीच माणसं. म्हणून मंदाने तो तापीला दिला. नदी नेऊन समुद्राला देईल, समुद्रात कुणी राहत नाही. मंदाने समुद्र पाहिलेला नव्हता.

नीलाबाई हळूच म्हणाल्या, “गप्प राहा. एक शब्द बोलू नकोस.”

पण रूडीमाला मराठी येत नसलं तरी पोरीने गाडा कसा धरलाय ते दिसत होतं. ती मनीषासमोर येऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. नीलाबाईंनी मनीषाचा दंड धरला. डब्यातली शेवटची पोळी आता त्या म्हातारीच्या हातात होती. मग रूडीमा वळली, आपल्या झोपडीत गेली आणि हातात काहीतरी घेऊन आली. लहान मुलाचं अंगडं होतं, पिवळं, घडी घातलेलं. तिने ते गाड्यात न ठेवता मनीषाच्या खांद्यावर टाकलं.

“छोकरानुं छे,” ती म्हणाली. “कांटामां न रखाय.”

पोराचं आहे, काट्यात ठेवू नये; गाड्यातून आलेलं ते तिने काढून जपून ठेवलं होतं. मग नीलाबाईंचा हात धरून तिने तो गाड्याच्या छतावर दाबला आणि बजावलं, वाटेत पाण्यात टाकायचा नाही. ज्या दारातून निघाला त्या दारात. एवढं झालं तोवर मछवा चिखलात बसला होता. रात्रीच्या भरतीला कानजी मछवा काढत नसे, त्यामुळे त्या दिवशी कुणीच निघालं नाही. शनिवार गेला.

रविवारी बसमध्ये गाडा चादरीत गुंडाळून नीलाबाईंच्या मांडीवर होता. आता त्यांना त्याची भीती वाटत नव्हती; दुसरी मोठी भीती पुढे बसलेली होती. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, पेटी का? हो म्हणाल्या. भजनं म्हणता? म्हणते. मग एखादं ऐकवा की, रस्ता लांब आहे. नीलाबाईंना रडू आलं. प्रवाशाला वाटलं भजनच मनात आलं असावं, आणि तो आदराने गप्प बसला.

सुरतेच्या बसस्थानकावर सगळी वाटच बघत होती. हार घेऊन दातारसाहेब, त्यांनी आणलेला फोटोग्राफर, पोलिसांत जायच्या तयारीत आलेला श्रीकांत, डब्यात उपमा घेऊन सरलाबाई. चादर सुटली आणि आतलं दिसलं तशी सगळी मागे सरली. दातारसाहेब म्हणाले, ही वस्तू शाळेच्या आवारात येणार नाही, आणि फोटोतही नको. श्रीकांत म्हणाला, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे तुला माहीत आहे, पण सोसायटीत लोक राहतात. सरलाबाईंनी सगळ्यांत व्यवहारी तोडगा काढला. घरी जाताना वाटेत पूल लागतोच. रिक्षा जरा थांबवायची, इकडे-तिकडे बघायचं आणि द्यायचा तापीत सोडून. तिघांनीही माना डोलावल्या. प्लेग झाल्यापासून प्रथमच त्या घोळक्यात कसलं तरी एकमत झालं होतं.

नीलाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या मंदाला शोधत होत्या. ती खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. पुढ्यात काही नाही, पिशवीसुद्धा नाही. चहावाला नंतर म्हणाला, ही बाई कालपासून इथेच आहे, प्रत्येक बस आली की उठते आणि परत बसते.

मनीषा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. मंदाने आधी पोरीचे दंड चाचपले, मग गळ्याला हात लावून ताप पाहिला, आणि मगच वर बघितलं. मागे बाई, बाईंच्या हातात गाडा. बाईंनी बसमध्ये रचलेली वाक्यं होती, सगळी चांगली, शेवटी क्षमा मागणारी. त्यातलं एकही आठवेना.

मंदाची नजर गाड्यावर थांबली नाही. तिला पोरीच्या खांद्यावरचं भिकनचं अंगडं दिसलं होतं. तिने ते घेतलं, उलगडलं, नाकाशी नेलं. मग त्याची कड जिभेच्या टोकाला लावली. सगळी बघत राहिली. फोटोग्राफरनेसुद्धा कॅमेरा खाली केला.

“गोडा पानीमा धोयेल शे,” मंदा म्हणाली.

समुद्रातून जाऊन आलेलं कापड, आणि त्याला मीठ नव्हतं. नीलाबाईंना पिपं आठवली, वाटीने मोजलेलं पाणी आठवलं, आपली साबणाची खोकी आठवली, आणि त्या खाली, मंदाच्या शेजारी फरशीवर बसल्या.

“कोन गयं त्यासनं?” मंदाने विचारलं. परक्या पोराचं अंगडं असं धुणाऱ्या घरातही कुणीतरी गेलं असणार, हे तिला सांगावं लागलं नाही.

“म्हातारीची नात.”

मंदाने अंगडं पदरात बांधलं, गाडा बाईंच्या हातातून घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि उभी राहिली. “माले त्यासना दारवर जानं पडी, बाई.”

खानदेशात कुणाकडे मयत झाली की सांत्वनाला दारावर जातात. न जाणं म्हणजे नातं तोडणं. आता ह्यात नातं कसलं, असं सरलाबाईंनी रिक्षात बसल्यावर विचारलं. पुन्हा जन्मात कसलीही सहल काढायची नाही, अशी शपथ नीलाबाईंनी परतीच्या बसमध्ये घेतली होती, आणि ‘मीही येते’ असं मंदाला सांगून ती स्थानकाबाहेर पडायच्या आतच मोडली होती.

फोटो छापून आला. ‘बेटवासीयांना स्वच्छतेचे धडे’, खाली नीलाबाईंचं नाव, गळ्यात हार, चेहरा फाशीच्या कैद्याचा. शाळेला पुन्हा कुणी भागेडू म्हटलं नाही. साबणाची खोकी बेटावरच राहिली होती; त्यांची भिंत करून तिथले लोक वाऱ्याला आडोसा करतात, असं कानजीने पुढे सांगितलं. गाडा मंदाच्या दारात राहिला. गल्लीतल्या बायकांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण मंदा म्हणाली की तो जाऊन आलाय, आता कुठे जाणार.

पुढच्या रविवारी मंदा आणि नीलाबाई पहाटेच्या बसला बसल्या. कचेरीत विचारायला ह्या खेपेला कुणी गेलं नाही. मंदाच्या मांडीवर तांब्याची कळशी होती, काठोकाठ भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं. लिंबायतच्या नळाला आदल्या दिवशी पाणी आलं तेव्हा तिने रांगेत उभं राहून भरून घेतली होती. रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला पाणी हिंदकळे आणि मंदा फडक्यावरचा ओलावा तळहाताने आत दाबे, जणू एक थेंबही कमी पडून चालणार नव्हता.

कंडक्टरने विचारलं, “काकी, दरियाकाठे पाणी घेऊन कुठे निघालात?”

मंदाने कळशी आणखी जवळ घेतली.

“उसनं शे,” ती म्हणाली. “फेडानं शे.”